दुनळी की चक्की

"ती बंदूक ताटापुढनं उचला आधी! न्हाईतर ह्या लाकडासंगट तिलाबी चुलीत सारते, मग बसा हात शेकत!"

आई ओरडली आणि तिनं परात अशी आपटली, की डालग्यातल्या कोंबड्यांनी त्या दिवसाची अंडी पुढं ढकलली. आमच्या आईचा आवाज साधासुधा नव्हता. ती अंगणात उभी राहून मला हाक मारायची, तेव्हा ओढ्यापलीकडच्या वाडीतले पुरुष दचकून आपापल्या बायकांना विचारायचे, "काय म्हणालीस?" आबा मात्र शांत. मांडी घालून बसलेले, पुढ्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण, आणि डाव्या गुडघ्याला टेकून, पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखी, ती दुनळी.

"हत्यार नजरंआड करू नये, असं मेजरसाहेब म्हणत्यात," आबा घास चावत म्हणाले.

"म्हणंल की! सोता नजरंआड केलं न्हवं त्यानं? तुमच्या गळ्यात बांधलं आन् सुटला."

यात खोटं काही नव्हतं. पण आधी मेजरसाहेब कोण ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आमच्या घरी सरदारकी होती. कोळवणच्या खोऱ्यात तेव्हा शहरातली माणसं नुकतीच जमिनी घ्यायला लागली होती. आता तर आमच्या बांधावर उभं राहून खडा मारला, तर तो कुणाच्या तरी पोहण्याच्या तलावातच पडतो. मेजरसाहेब त्यातले अगदी पहिले. लाल कौलांचा बंगला, दारात जीप, आणि ओठांवर दोन्ही बाजूंना खराटा बांधल्यासारख्या मिशा. त्यांनी लढाया किती केल्या हे देवाला ठाऊक. आबांच्या मते सात. त्यांच्या स्वयंपाक्याच्या मते एकही नाही, साहेबांची सगळी नोकरी जॅमच्या डब्यांच्या कोठारावर गेली होती. एका साली भाताच्या आवणीला, रोपं लावायच्या दिवसांत, त्यांची जीप आमच्या भातखाचरात उतरली आणि तिथंच बसली. साहेब जसजसा जोर लावीत, तसतशी ती आणखी खाली. शेवटी नुसतं टप आणि टपावर साहेब एवढंच चिखलाबाहेर उरलं. आबांनी चिखलणीचे रेडे सोडले, जीपला जुंपले आणि साहेबांसकट ओढून काढली. साहेबांनी तिथल्या तिथं, गुडघाभर चिखलात उभं राहून, आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्ञानोबा, यू आर अ मर्द. माझी बंदूक मी तुला देऊन टाकतो. प्रेझेंट!"

आबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा इथंच थांबायचे. स्वयंपाकी ती पुढं सांगायचा. साहेबांची बाई म्हणे वर्षभर घोकत होती, की या घरात एक तर बंदूक राहील नाहीतर मी. साहेबांनी यावर बरेच महिने विचार केला. मग दोघांचं परदेशी लेकीकडं जायचं ठरलं आणि बंदूक काही विमानात घेईनात. त्यात जीप रुतली. आबा नेमके त्याच दिवशी मर्द निघाले.

आता तुम्ही म्हणाल, बंदूक अशी कुणालाही कशी देता येते? कागद लागतो. तर तीच गंमत आहे. आमच्या आबांकडं बंदूक नव्हती, पण बंदुकीचं लायसन होतं. तरुणपणी रानडुकरांनी शेत उकरलं म्हणून पीक राखायला त्यांनी अर्ज केला, तालुक्याला खेटे घातले, साहेबांपुढं हात जोडले, आणि लायसन मिळाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बंदूक घ्यायला आपल्याकडं दमडी नाही. पण लायसन सोडलं नाही. दर वेळी जाऊन मुदत वाढवून आणायचे. लग्न ठरलं, हळद लागली, मांडव पडला, फक्त नवरी मिळायची होती. ती अशी चिखलातून आली.

आणि काय तिचे लाड! खंडेनवमीला पहिला नैवेद्य तिला. बाजारात जाताना ती गोधडीत गुंडाळून आबांच्या मांडीवर, एसटीच्या खिडकीशी, जणू तिला वारा लागला तर झोप येईल. एकदा कंडक्टरनं विचारलं, "लेकरू किती वर्षाचं?" आबांनी गोधडीचं टोक बाजूला केलं. त्यानं दोन्ही नळ्या बघितल्या आणि स्टॅन्ड येईपर्यंत गाडीत कुणाकडंच तिकीट मागितलं नाही. लग्नपत्रिका घरी आली की तोंडी आमंत्रण निराळं असायचं, "ज्ञानोबा, येताना तिला घिऊन या." ज्यांनी कधी आबांना बिडी विचारली नव्हती, ते आता "बंदूकवाले, बसा" म्हणून घोंगडी झटकायचे. आणि निवडणूक लागली की सगळ्या लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची, हा सरकारी नेम. आपल्याकडं निवडणुकांना काय तोटा! ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा. आमची दुनळी घरी कमी आणि ठाण्यात जास्त. तिला पोचवायला जाताना आबांचा चेहरा लेकीला सासरी धाडतानासारखा व्हायचा. खरी लेक म्हणजे मी शेजारी उभी असायची, तर माझ्याकडं बघून म्हणायचे, "तू अजून हितंच?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दहावीला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा गणितानं मला नीट बसू दिलं नव्हतं. घरात माझं काम एकच, दोन्ही बाजूंचं ऐकणं आणि ज्या बाजूला जेवण चांगलं, तिकडं सरकणं. आणि जेवण कायम आईच्या बाजूला होतं.

आईची बाजू अशी, की बंदूक विकायची आणि चक्की घ्यायची. पिठाची चक्की. आमच्या वाडीत चक्की नव्हती. दर चार दिवसांनी डोक्यावर दळणाची पाटी घेऊन कोळवणला जायचं, जायला तास, यायला तास. तिथं गेलं की वीज गेलेली, नाहीतर गिरणीवाला जेवायला गेलेला. तो आला, की कुणाचं आधी आणि कुणाचं मागून यावर भांडण. कारण नाचणीमागून कुणी आपले तांदूळ टाकायला तयार नसतं, पिठी काळपट निघते. आणि आई न्यायची नाचणी. म्हणजे तिचा नंबर कायम सगळ्यांच्या शेवटी. वीस वर्षं पाट्या वाहून तिची मान अशी आखडली होती, की कुणी हाक मारली तर मान वळायची नाही, ती अख्खी वळायची, ट्रक वळतो तशी. सोबतीला ठकी असायची. ठकी आमच्या डोक्यावरच्या डोंगरातल्या वाडीतली. आमच्या शेतात रोजानं यायची, एरवी लाकडं, कंद, खेकडे विकायची. तिच्या पाटीत दोन मुठी नाचणी असायची, पण आईला सोबत म्हणून ती ते दोन तास चालायची. दोघींची मैत्री म्हणजे अख्ख्या वाटेनं एकमेकींना शिव्या.

खालच्या गावातला एक गिरणीवाला पोराकडं पुण्याला राहायला निघाला होता. त्याची चक्की, मोटार, पट्टा, सगळं तो देऊन टाकणार होता. आईच्या माहेरच्या नात्यातला, म्हणून म्हणाला, संक्रांतीपर्यंत तुझ्यासाठी थांबतो, पुढं मला जमायचं नाही. घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती आणि ती आबांच्या गुडघ्याला टेकून जेवायला बसली होती.

"डुकरं शेत उकरतील, तवा चक्की लावशील का त्यांच्यामागं?" आबा विचारायचे.

"आन् तुमच्या बंदुकीनं कंचं डुक्कर हटलं वो? नाव तरी सांगा त्याचं!"

हा घाव वर्मी बसायचा, कारण त्यामागं एक गुपित होतं आणि ते फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. मेजरसाहेबांनी बंदुकीबरोबर तिच्या तेलाची इवलीशी बाटली दिली होती. ती आबांनी दोन महिन्यांत आपल्या गुडघ्याला चोळून संपवली, आणि गुण आला असं शपथेवर सांगायचे. मग बंदुकीला काय घालायचं? हत्याराला तेल पाहिजे एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्या केसांचं खोबरेल उचललं. नुसतं उचललं नाही, रोज संध्याकाळी तिची मालिश केली, नळीत, घोड्यात, सांध्यात, जिथं बोट जाईल तिथं. आमच्या दुनळीला एसटीत कुणी हुंगलं असतं, तर शाळेला निघालेल्या मुलीची वेणी वाटली असती. पावसाळाभर सगळं ठीक. मग थंडी पडली. आमच्या खोऱ्यात थंडी पडली म्हणजे खोबरेल बाटलीत दगड होतं. बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केस विंचरता येत नाहीत. हे प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक. आबांना केस नव्हते.

एका पहाटे, उजाडता उजाडता, हरभऱ्यात डुकरं आली. आबा माळ्यावर दबा धरून होते. मी चहा घेऊन गेले तर बघते काय, खाली एक डुक्कर, म्हशीएवढं, आरामात हरभरा खातंय, आणि वर आमचे आबा बंदूक काखेत धरून बसलेत, ताप मोजायला धरतात तशी. घोडा हलेना. दोन्ही बोटं लावली, हलेना. दातांनी ओढायला निघाले, तेव्हा मी चहा पुढं केला. डुकरानं शेवटचा घाटा खाल्ला, वर बघितलं आणि निघून गेलं. मला तर वाटतं, त्यानं मान हलवून निरोप घेतला. आबांनी गावात सांगितलं, "पोटुशी डुकरीण हुती, म्हणून सोडली." गावानं त्यांना दयाळू बंदूकवाले म्हटलं.

तर असा हा मामला चालू असताना आईनं एक गिऱ्हाईक धरून आणलं. बापूशेठ. हा पुण्याजवळच्या जांबे गावाकडचा. तिकडच्या जमिनींना नुकते पंख फुटायला लागले होते. आता माझी लेक तिथंच भाड्याच्या खोलीत राहते आणि खिडकीतून समोरच्या घरातला टीव्ही बघते, इतकी दाटी झालीय. पण तेव्हा नुसते फलक लागले होते. बापूशेठनं आपली जमीन विकली, मग भावाची विकली, मग जी कुणाचीच नव्हती ती विकली. गळ्यात अशी साखळी, की आमच्या रेड्याला बांधली असती तर रेडा तुटला असता, साखळी नाही. त्याच्याकडं लायसन होतं आणि जीप होती. त्याला पाहिजे होती बंदूक, जीपच्या पुढच्या काचेतून दिसेल अशी.

आबांनी नाही म्हटलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट म्हणाले, "येऊ द्या की. पर सकाळी लौकर. साडेसातला. मग मला रानात जायाचं असतं." आबा आयुष्यात कधी साडेसातला रानात गेले नव्हते. पण आमची वाडी डोंगराच्या पश्चिम कुशीला, तिथं ऊन उतरायला नऊ वाजतात. साडेसातला ती दुनळी म्हणजे लोखंडाचा सुळका. आबांना ते ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. दोघं एकमेकांकडं बघून गोड हसले. मी तेवीस वर्षं संसार केलाय, नवऱ्याशी भांडले, रुसले, एकदा त्याच्या अंगावर सूपही फेकलं. पण तसलं हसू मला कधी जमलं नाही.

बापूशेठ आला, संगती दोन माणसं. थंडीनं तिघांच्या नाकातून वाफ निघत होती. आबांनी लगेच दुनळी त्याच्या हातात दिली. इतक्या आदरानं, की मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. शेठनं खांद्याला लावली, घोडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला.

"जुनी झाली वो," आबा सुस्कारा टाकून म्हणाले. "मी सांगतच हुतो हिला. शेठसारख्या माणसाला असला माल दावू न्हाई."

"अवो, थांबा की!" आई आतून धावत आली. "शेठ, तुमी पावणं. आमच्यात पावण्यानं जेवल्याबगर हत्याराला हात लावायचा नसतुया. रीत हाय. हात लावला तर हत्यार रुसतंय. बघितलं न्हवं, रुसलं ते?"

ही रीत मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. आईनं ती तिथंच, उंबऱ्यात उभ्याउभ्या, जन्माला घातली. मागच्या साली आमच्याच गावातला एक जण लवळ्याहून आलेल्या कॉलेजच्या पोरांना ती आपल्या मावळातली फार जुनी परंपरा म्हणून सांगत होता आणि पोरं लिहून घेत होती. मी मध्ये बोलले नाही.

मग सुरू झाली लढाई. आईनं मला डोळा मारला. मी "पुसून आणते" म्हणून दुनळी उचलली आणि मागच्या दारी गवताच्या उडवीवर नेऊन ठेवली. सगळ्यात आधी ऊन उतरतं ते तिथं. शेजारी सवयीनं खोबरेलाची बाटलीही ठेवली. आबा लघवीला म्हणून मागं आले आणि तिच्यावर घोंगडी टाकून गेले. मी घोंगडी काढली. ते पुन्हा लघवीला आले. बापूशेठ काळजीनं म्हणाला, "ज्ञानोबा, एकदा डॉक्टरला दावा." इकडं आईनं आधी चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा, आणि मग घरातला एकुलता एक कोंबडा, ज्याच्या आरवण्यावर अख्खी वाडी उठायची, तो कापला. त्याला शिजायला वेळ लागत होता, आणि आईला वेळच पाहिजे होता. मी पाट्यावर वाटण वाटत होते. ती कानाशी येऊन म्हणाली, "सावकाश वाट, भवाने. सूर्याला घाई न्हाई, तुला कशाला?"

नऊ वाजता ऊन उडवीवर उतरलं. बाटलीतलं खोबरेल कडेकडेनं पारदर्शक झालं. आईनं पोह्यांनाच जेवण ठरवलं आणि साडेनऊला मी दुनळी नेऊन शेठच्या हातात दिली, ऊबदार, वास मारणारी. शेठ खळ्यावर जाऊन उभा राहिला, खिशातली दोन काडतुसं भरली, नळी आभाळाकडं केली, डोळे मिटले आणि घोडा ओढला.

दोन्ही नळ्यांचा बार एकदम निघाला. असा आवाज झाला, की डोंगरावरचे कावळे उडाले ते थेट ताम्हिणीच्या घाटात जाऊन बसले आणि त्यांतले काही अजून परत आलेले नाहीत. शेठ मागच्या मागं उडून उकिरड्यात बसला. ताईत गळ्यात, साखळी कानावर, शेण दाढीला. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. तर तो उकिरड्यातूनच ओरडला, "आवाज हाय! आवाज हाय, च्यायला!"

पण खरा घोटाळा झाला तो आबांचा. आपली दुनळी वाजते हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हे तिला कवटाळून घरात पळणार. पण शेठही कच्चा नव्हता. त्यानं हातपाय धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "पाटील, या, शेजारी बसा." पाटील! आमच्या सात पिढ्यांत कुणाला कुणी पाटील म्हटलं नव्हतं, कोतवालानंसुद्धा नाही. "पुतण्याचं लगीन हाय पुढल्या महिन्यात. तुमी माझ्या जीपमदी, पुढं बसायचं. बंदूक माझी, पर बार तुमी काढायचा. फेटा मी बांधनार." आबा विरघळले. खोबरेलाहून लवकर. किंमत काय म्हणाला तेही त्यांनी धड ऐकलं नाही. "शेठ, तुमची म्हणजे आमचीच की," असं म्हणून रश्श्याचं पातेलं त्यांनी आपल्या हातानं शेठपुढं सरकवलं.

आई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. आई इतकी देखणी मला पुन्हा कधी दिसली नाही. तिच्या डोळ्यांत चक्कीचा पट्टा फिरत होता. ती मला हळूच म्हणाली, "मोटार पडवीत बशिवू. आन् नाचणीवालीचा नंबर पयला. कायम पयला."

शेठ कोंबड्याची नळी चोखत होता. पोट भरलं की माणूस मोकळं बोलतो. "आता बघा पाटील, माझं काम कसं व्हतंय. तीन महिनं झालं बोंबलतोय. कागद दावला, माणसं धाडली, दारू पाजली, हलत न्हाईत. आता असलं दोन बार त्यांच्या झोपड्यांच्या डोक्यावनं काढतो, चूल पेटती टाकून पळतील."

आईचा हात थांबला. "कंची जागा म्हणायची, शेठ?"

"ही काय, तुमच्या डोक्यावरची. अख्खा उतार घेतलाय मी. वर बंगलं काढायचं हायेत पुण्याच्या लोकांस्नी."

"तितं माणसं हायेत."

"हायेत न्हवं? म्हणून तर बंदूक." आणि तो हसला. संगतीची दोघं हसली. आबाही हसले, कारण पाटलानं शेठच्या विनोदाला हसायचं असतं. "मारायचं न्हाई वो वहिनी, काय घाबरताय. नुसतं भेवडवायचं. भाकरी वाढा."

तव्यावरची भाकरी फुगली होती. आईनं ती उतरवली, मोडून कोंबड्यांना टाकली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मग आतल्या खोलीत गेली. तिथं तिची ट्रंक होती आणि ट्रंकेत ते लायसनचं बुक, ज्यात नोंद झाल्याशिवाय बंदूक विकता येत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या लुगड्याचा ओचा जरा फुगलेला होता. तो मी बघितला, दुसऱ्या कुणी नाही.

"लायसनचं बुक गावत न्हाई," ती म्हणाली.

आबा पाटावरून अर्धे उठले. "गावत न्हाई म्हणजे? तुझ्याच ट्रंकंत हुतं!"

"उंदरानं खाल्लं."

"कवा?"

"आत्ताच."

"आगं ए, तुझी चक्की! संक्रांत आली न्हवं!"

"येऊ दे."

शेठ शहाणा माणूस. म्हणाला, बुक काय, दुसरं निघतं, मी थांबतो, माझी वरपर्यंत ओळख हाय. तेव्हा आईनं जे केलं ते आबांना मरेपर्यंत गिळता आलं नाही. तिनं दुनळी उचलली आणि शेठच्या नाकाशी धरली. "वास घ्या. खोबरेल हाय, पोरीच्या केसाचं. ह्यांनी घातलंया. उन्हाबगर ही चालत न्हाई. सकाळधरनं मागल्या दारी वाळवणात घातली हुती, म्हणून वाजली. डुकरापुढं काखंत धरून बसलं हुतं ह्ये पाटील. पोटुशी डुकरीण सोडली म्हणं! इचारा ह्या पोरीला."

सगळे माझ्याकडं वळले. मी आबांकडं बघितलं. आयुष्यात मी हजार थापा मारल्यात, या प्रकरणातही चार-दोन असतील. पण त्या सकाळी तोंडात एकही आली नाही. मी मान हलवली.

शेठ इतका हसला, की त्याला ठसका लागला. त्याच्या माणसांनी दुनळी हुंगली आणि तेही हसले. आबा पाटावर तसेच, दोन्ही हात ताटात. जीप गेली ती कोंबडा पोटात घेऊन, आणि शेठनं दर वळणावर ही गोष्ट सांगितली असावी. कारण दुपारपर्यंत कोळवणच्या बाजारात आबांचं नाव 'खोबरेल' पडलं होतं. ते नाव त्यांच्या तेराव्यापर्यंत टिकलं. बंदूकवाले म्हणून जोडलेली सगळी घोंगडी एका दिवसात गुंडाळली गेली.

"मला तरी सांगायचं," संध्याकाळी आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

"तुमाला कसं सांगनार? तुमी जीपमदी बसला हुता," आई म्हणाली.

चक्की संक्रांतीला दुसऱ्याच गावाला गेली. दुनळी पुढं एका निवडणुकीला ठाण्यात जमा केली, ती आबांनी परत आणलीच नाही. "तितं तिला सोबत हाय," म्हणायचे. आणि आईनं वरची वाडी वाचवली वगैरे काही समजू नका. तीन पावसाळ्यांनी ती उठलीच. त्याला बंदूक लागली नाही, एक शिक्का आणि दोन साहेब पुरले. आज तिथं ओळीनं बंगले आहेत. शनिवारी तिथून गाण्यांचा असा दणदणाट येतो, की दुनळीचा बार त्यात ऐकूसुद्धा यायचा नाही. पण ते तीन पावसाळे त्या वाडीतल्या चुली जिथल्या तिथं होत्या. तिथं कुणालाही कधी कळलं नाही, की त्या कुणाच्या मानेवर पेटत होत्या.

बापूशेठ येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दळण संपलं होतं. आईनं पाटी डोक्यावर घेतली, मी मागून पिशवी घेऊन. ओढ्यापाशी ठकी उभी होती, आपली मूठभर नाचणी घेऊन. तिच्या कानावर खोबरेलाची गोष्ट आली होती आणि ती पोट धरून हसत होती. बरंच अंतर हसत हसतच चालली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती थांबली.

"पर वयनी, बंदूक इकून तुजी चक्की येनार हुती न्हवं गं? का इकली न्हाईस?"

आईनं पाटी सावरली. मान काही वळली नाही.

"गिऱ्हाईक बरं न्हवतं," ती म्हणाली.